दोनशे तासांचा वैमानिक

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवण्यासाठी भारतात दोनशे तासांचे उड्डाण पुरेसे मानले जाते. त्यासोबत लेखी परीक्षा, वैद्यकीय तपासणी आणि विशिष्ट विमान चालवण्याची वेगळी पात्रता यांची पूर्तता केली, की बावीस-तेवीस वर्षांचा तरुण सत्तर प्रवाशांच्या विमानात कप्तानाच्या शेजारी सहवैमानिक म्हणून बसण्यास कायद्याने योग्य ठरतो. विमान कंपनीच्या लेखी मात्र तो अद्याप कोणीच नसतो. कायद्याने योग्य आणि बाजारात निरुपयोगी, अशा या विचित्र अवस्थेत अनेक परवानाधारक तरुण वर्षानुवर्षे ताटकळत राहतात. हा प्रश्न मूठभर हौशी मुलांचा आहे, असे समजून तो सोडून देण्यात अर्थ नाही. कौशल्याच्या व्यवसायात उमेदवारीचा खर्च कोणी सोसावा, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे.

या परवान्याची किंमत प्रथम लक्षात घेतली पाहिजे. धुळे असो, गोंदिया असो वा परदेशातील एखादी संस्था असो, प्रशिक्षणाला चाळीस-पन्नास लाख रुपये तरी लागतात. शासकीय संस्थेतही ही रक्कम फारशी कमी होत नाही. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका साधारणतः तारण मागतात. म्हणजे शिक्षकाच्या वा कारकुनाच्या मुलाला वैमानिक व्हायचे असेल, तर वडिलांनी आयुष्यभराच्या कमाईतून बांधलेले घर गहाण पडते. परवाना मिळाल्यावर हा खर्च संपतो, असेही नाही. ज्या जातीचे विमान चालवायचे, त्याचे स्वतंत्र प्रशिक्षण सिम्युलेटरवर घ्यावे लागते. या व्यवसायात त्याला ‘टाइप रेटिंग’ म्हणतात. त्याचे पंधरा-वीस लाख रुपयेही पुष्कळदा उमेदवारालाच भरावे लागतात, आणि ते भरूनही नोकरीची हमी नसते. तोवर वैद्यकीय तपासणी दरवर्षी करून घ्यावी लागते, केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालवण्याच्या पात्रतेचे नूतनीकरण करावे लागते आणि हात गंजू नये म्हणून पदरच्या पैशाने उड्डाणही करावे लागते. बेकार पदवीधराला निदान आपली पदवी जिवंत ठेवण्यासाठी दरसाल पैसे मोजावे लागत नाहीत.

अशा नवशिक्याला व्यवसायात प्रवेश मिळावा, तो खरे तर प्रादेशिक विमान कंपन्यांत. लहान विमाने, कमी पल्ल्याचे मार्ग आणि दिवसाकाठी अनेक वेळा उतरणे-उडणे, यामुळे मोठ्या विमानावर लांबच्या प्रवासात जे वर्षभरात शिकता येणार नाही, ते येथे काही महिन्यांत अंगवळणी पडते. लहान शहरे जोडण्याचा प्रयत्न आपल्याकडे १९८१ साली ‘वायुदूत’च्या रूपाने झाला होता. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने त्याला नवे रूप दिले आणि एप्रिल २०१७ मध्ये सिमला-दिल्ली मार्गावर तिचा प्रारंभ झाला. नांदेड, जळगाव, कोल्हापूर अशा शहरांना या योजनेतून विमानसेवा मिळाली. तेव्हा नव्या वैमानिकांनाही दारे उघडतील, अशी अपेक्षा बाळगली गेली असल्यास ती अवाजवी नव्हती.

प्रत्यक्षात ही दारे किलकिलीच राहिली. याचे सारे खापर कंपन्यांवर फोडणे न्यायाचे होणार नाही. लहान कंपनीपाशी भांडवल थोडे असते. नवशिक्याला तयार करायचे, तर प्रशिक्षक दर्जाचा कप्तान त्याच्यामागे अनेक उड्डाणे गुंतून पडतो. एवढे करून हा तरुण हजारभर तासांचा अनुभव गाठीला बांधतो आणि मोठ्या कंपनीत निघून जातो. २०१७ साली नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने सहवैमानिकाला सहा महिन्यांची आणि कप्तानाला एक वर्षाची पूर्वसूचना देण्याचे बंधन घातले, ते अशाच तक्रारींमुळे. त्यातच किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी वैमानिक रस्त्यावर आले आणि दोनशे तासांचा उमेदवार रांगेत आणखी मागे ढकलला गेला. तयार माणूस दाराशी उभा असताना कच्चा माणूस घडवण्याचा व्याप कोण करील?

यावर एक सोपे उत्तर सुचवले जाते. दोनशे तासांच्या वैमानिकाला प्रवासी विमानात बसू देणेच मुळात धोक्याचे आहे. तेव्हा किमान तास वाढवावेत, म्हणजे ही गर्दीही आपोआप ओसरेल. अमेरिकेने नेमके हेच केले असल्यामुळे तेथील अनुभव तपासून पाहणे उद्‌बोधक ठरेल. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचे विमान न्यूयॉर्क राज्यातील बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातील ४९ आणि घरातील एक, असे ५० जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग घसरल्याची सूचना मिळाल्यावर कप्तानाने जे करायला हवे, त्याच्या नेमके उलट केले, असा चौकशीचा निष्कर्ष होता. संतप्त लोकमतापुढे २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही साधारणतः दीड हजार तासांची अट लागू झाली. त्यापूर्वी अडीचशे तासांवर तो कंपनीत शिरू शकत असे.

मौज अशी, की त्या दुर्दैवी विमानाच्या कप्तानाच्या नावावर तीन हजारांहून अधिक आणि सहवैमानिक तरुणीच्या नावावर दोन हजारांहून अधिक तासांची नोंद होती. अपघातामुळे जो नियम जन्माला आला, त्याने त्या दोघांपैकी कोणालाच अडवले नसते. चौकशीत जे उघड झाले, ते वेगळेच होते. कप्तान यापूर्वी अनेक चाचण्यांत अनुत्तीर्ण झाला होता आणि त्यांतील काहींची माहिती त्याने कंपनीला दिली नव्हती. सहवैमानिक तरुणी सिअ‍ॅटलहून रात्रभर प्रवास करून कामावर आली होती, आणि तिच्या तुटपुंज्या वेतनाची चर्चा देशभर झाली. निवड, प्रशिक्षण, विश्रांती आणि वेतन असे हे दोष होते. त्यांपैकी काहींवर स्वतंत्र उपाय झालेही. परंतु लोकांच्या लक्षात राहिला तो तासांचा आकडा.

या नियमाच्या समर्थकांचेही म्हणणे ऐकले पाहिजे. त्यानंतर जवळजवळ सोळा वर्षे अमेरिकी प्रवासी कंपन्यांच्या विमानांना तसा मोठा प्राणघातक अपघात झाला नाही, हे खरे आहे. त्याचे श्रेय प्रशिक्षणाला किती आणि तासांना किती, हे मात्र वेगळे काढून दाखवता येत नाही. एक परिणाम निश्चित दिसला. वैमानिक दुर्मिळ झाल्यावर २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या प्रादेशिक कंपन्यांनी नवख्या सहवैमानिकाचे वेतन तासाला नव्वद डॉलरवर नेले. उमेदवाराला मात्र दीड हजार तास भरण्यासाठी वर्ष-दोन वर्षे लहान विमानांवर इतरांना शिकवत घिरट्या घालाव्या लागतात. आपल्याकडे ही अट आणली, तर शिकवण्याची एवढी कामेच नाहीत. मग तास विकत घ्यावे लागतील आणि गहाण घराच्या जोडीला शेतही जाईल.

शिवाय आकड्याला देव मानले, की आकडा खोटा पाडण्याची विद्याही फोफावते. नोंदवहीत केवळ लेखणीने भरलेल्या तासांना अमेरिकी वैमानिक पेनच्या नावावरून ‘पार्कर’चे तास म्हणत. आपल्याकडे २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवल्याची आणि न केलेल्या उड्डाणांचे तास नोंदवल्याची प्रकरणे उघडकीस आली, अटका झाल्या. निरभ्र आकाशात एकाच मैदानाभोवती मारलेल्या शंभर फेऱ्या आणि पावसाळी रात्री बिघडलेल्या इंजिनाचा सिम्युलेटरवर केलेला सराव यांचे मोल एक नव्हे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २००६ मध्ये तासांपेक्षा क्षमतेवर भर देणाऱ्या परवान्याला मान्यता दिली, ती याच जाणिवेतून.

तेव्हा दोनशे तास हा दोष नव्हे. ते उमेदवारीचे पहिले पाऊल आहे. दोष आहे तो ही उमेदवारी विकत घ्यावी लागते, यात. जेथे प्रवेश पैशावर मिळतो, तेथे निवड गुणवानांतून न होता ऐपतदारांतून होते. प्रवाशाच्या दृष्टीनेही ही गोष्ट हिताची नाही. डोक्यावर पाऊण कोटीचे कर्ज असलेला सहवैमानिक कप्तानाची चूक बोलून दाखवताना कचरेल, थकलेला असूनही ‘आज उड्डाण करू शकत नाही’ असे सांगण्यास धजावणार नाही, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही.

यावर उपाय नाहीत, असेही नाही. ‘उडान’ मार्गांवरील तूट भरून काढण्यासाठी कंपन्यांना सार्वजनिक निधीतून अनुदान मिळते. तो निधी इतर मार्गांवरील उड्डाणांवर बसवलेल्या आकारातून उभा राहतो आणि राज्य सरकारेही त्यात वाटा उचलतात. अनुदान घेणाऱ्या कंपनीने दरवर्षी ठरावीक संख्येने नवे परवानाधारक खुल्या परीक्षेतून निवडावेत आणि त्यांचे टाइप रेटिंग स्वखर्चाने करावे, अशी अट घालण्यात काय अडचण आहे? त्या बदल्यात उमेदवाराने तीन-चार वर्षे सेवेची हमी द्यावी. मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाच्या प्रमाणात खर्च परत करावा. नोकरी सोडण्याचे नियम सरकारने केले आहेत. तर नोकरीत घेण्याचेही करता येतील. प्रशिक्षण संस्थांनी किती विद्यार्थ्यांना परवाना मिळाला, त्याला किती काळ लागला आणि त्यांतील किती जण नोकरीला लागले, हे दरवर्षी जाहीर करण्याची सक्तीही झाली पाहिजे. घर गहाण टाकणाऱ्या पालकाला निदान एवढे जाणून घेण्याचा हक्क आहे.

१९२९ साली जे. आर. डी. टाटांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, तेव्हा उड्डाण हा सधन घराण्यांचा छंद होता आणि त्यात नवल काही नव्हते. आज लहान गावांतही धावपट्ट्या झाल्या आहेत आणि सामान्य माणसाने विमानात बसावे, म्हणून सार्वजनिक पैसा खर्च होत आहे. त्याच सामान्य माणसाच्या मुलाला विमानाच्या पुढच्या भागात बसण्याची संधी केवळ पैशाअभावी नाकारली जात असेल, तर या योजनेचा अर्धाच हेतू सफल झाला, असे म्हणावे लागेल.