संशयाचे बळी

धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारले. अफवा मोबाईलवरून आली हे खरे. पण ती इतक्या सहज पटली कशी? १८७१ च्या कायद्याने भटक्यांतील जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. १९५२ साली तो रद्द झाला. सुशिक्षितांच्या, होय, आमच्या वाचकांच्याही मनातून मात्र तो गेलेला नाही. असा संशय सत्ताकांक्षी पुढाऱ्यांच्या हाती पडला की काय होते, हे रुआंडाने दाखविले आहे. तेथे १९९४ मध्ये नभोवाणीवरून तुत्सींना झुरळे म्हणून हिणविले गेले आणि शंभर दिवसांत सुमारे आठ लक्ष माणसे मारली गेली. उद्या यावलच्या प्रचारसभेत कोणी चोऱ्यांचे खापर वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्यांच्या माथी फोडू लागला, तर यावलकरांनी तेथेच उठून त्याला पुरावा विचारावा, एवढीच आमची मागणी आहे.