घड्याळ म्हणतं फिटनेस घसरला, घरचे म्हणतात बरं झालं घरी आहेस

तुमच्या इन्स्टा फीडवर गळ्यात मेडल घातलेला, मागे मिरामार बीच दिसणारा एक तरी फोटो आला असेलच. २०१९ साली गोव्यात आयर्नमॅन ७०.३ सुरू झाली आणि तेव्हापासून दर सीझनला हे फोटो वाढतच चाललेत. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचं, मग ९० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर २१.१ किलोमीटर धावायचं, सगळं सलग. ७०.३ हा आकडा मैलांचा आहे, आपल्या हिशोबात ११३ किलोमीटर. २०२४ मध्ये बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी गोव्याची शर्यत पूर्ण केली आणि त्याच वर्षी आपल्या नाशिकच्या सैयामी खेरने बर्लिनची. दोन्ही बातम्यांखालच्या कमेंट्समध्ये एकच सूर होता: यांना जमतं तर नोकरी करणाऱ्यांना का नाही?

मी त्या नोकरी करणाऱ्यांपैकी एक. पुण्यात आयटी सपोर्टला आहे, वय ३१, बायकोची पण नोकरी, आई-बाबा सोबत राहतात. गेल्या वर्षी तयारी सुरू केली. आज मला शर्यतीबद्दल नाही, तर ही तयारी ज्या ॲप्सच्या भरवशावर चालते त्यांच्याबद्दल लिहायचंय. कारण रोजचं आयुष्य आणि ट्रेनिंग यांचा तोल सांभाळताना सगळ्यात जास्त ढवळाढवळ कोण करत असेल, तर मनगटावरचं घड्याळ.

आधी वेळेचा हिशोब. माझा प्लॅन आठवड्याला ९ तासांचा होता. ऐकायला काही विशेष नाही, रोजचा सव्वा तास. पण महापालिकेच्या तलावावर सहाची बॅच मिळवायला साडेपाचला निघावं लागतं, अंघोळ करून ऑफिसला पोचेपर्यंत साडेनऊ. पाण्यात मात्र फक्त ४५ मिनिटं. रविवारच्या सायकलिंगचं पण तेच. टायरमध्ये हवा, बाटल्या, ट्यूब, परत आल्यावर चेन पुसणं. एक आठवडा मी फोनच्या नोट्समध्ये खरा वेळ लिहून ठेवला, ९ चे १४ तास झाले. वरचे ५ तास ॲपला दिसतच नाहीत, कारण ते स्टार्ट आणि स्टॉप बटणाच्या मधलंच मोजतं. त्यातही स्ट्राव्हावर सायकलिंगला ठळक दिसतो तो 'मूव्हिंग टाइम', म्हणजे सिग्नलला थांबलात, चहा घेतलात, तर तो वेळ वजा. घरच्यांच्या दृष्टीने तुम्ही साडेचार तास गायब असता आणि ॲप सांगतं तीन तास दहा मिनिटं. भांडणं इथूनच सुरू होतात!

आता मुख्य मुद्दा. फेब्रुवारीत बाबांच्या छातीत दुखायला लागलं, अँजिओप्लास्टी झाली. आठ दिवस हॉस्पिटल. रात्री मी तिथेच खुर्चीत. पाचव्या-सहाव्या दिवशी घड्याळ थरथरलं. तुमचा फिटनेस घसरतोय, आजचं वर्कआउट चुकवू नका. बायकोने स्क्रीन बघितली आणि म्हणाली, "अरे, त्याला सांग की बाबा आयसीयूत होते." आम्ही दोघं हसलो. पण खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी जिन्याने चार-पाच वेळा वर-खाली केलं, आणि त्याचं कारण तो लाल बाणच होता. बाबांनी उठून पाणी मागितलं तेव्हा मी खुर्चीत नव्हतो. नर्सने दिलं. काही बिघडलं नाही, पण तो बाण मला तेवढा महत्त्वाचा वाटला होता हे खरं.

म्हणून नंतर बसून समजून घेतलं की हा 'फिटनेस' नावाचा आकडा येतो कुठून. बहुतेक ट्रेनिंग ॲप्समागे १९७० च्या दशकातलं एक मॉडेल आहे, एरिक बॅनिस्टर या संशोधकाच्या कामातून आलेलं. प्रत्येक वर्कआउटला गुण मिळतात. तुम्ही जास्तीत जास्त ताकदीने एक तास सलग टिकवू शकाल त्या वेगाने तासभर चालवलं, तर १०० गुण. हळू चालवलं तर कमी. या रोजच्या गुणांची ४२ दिवसांची, ताज्या दिवसांना जास्त वजन देणारी सरासरी म्हणजे 'फिटनेस'. तशीच ७ दिवसांची सरासरी म्हणजे 'थकवा'. दोघांची वजाबाकी म्हणजे तुम्ही किती ताजेतवाने आहात.

समजा दोन्ही आकडे ५० आहेत आणि तुम्ही आठवडाभर काहीच केलं नाही. फिटनेस साधारण ४२ वर येतो आणि थकवा १८ वर. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात कोणता दिसतो? ४२, लाल बाणासकट. बघणाऱ्याला वाटतं शरीराची १५-१६ टक्के ताकद गेली. तसं काही झालेलं नसतं. आठवड्याभरात हृदय-फुप्फुसांची क्षमता एवढी पडत नाही. पडली ती फक्त गुणांची सरासरी. म्हणजे हा आकडा तुम्ही किती फिट आहात हे मोजतच नाही, तुम्ही अलीकडे किती काम टाकलं तेवढं मोजतो. नाव 'सरासरी भार' ठेवलं असतं तर कोणी जिने चढलं नसतं.

गंमत पुढे आहे. त्याच घड्याळात दुसरी स्क्रीन असते, झोप आणि एचआरव्हीची. एचआरव्ही म्हणजे हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमी-जास्त होतं ते. ते मिलिसेकंदात मोजतात. मनगटाखालचे हिरवे दिवे त्वचेतल्या रक्तप्रवाहावर प्रकाश टाकून ठोके ओळखतात आणि रात्री, हात स्थिर असताना, हे माप बरं मिळतं. ताण, आजारपण, जागरण यात ते सहसा खाली जातं. माझं गेलंच होतं. ही स्क्रीन सांगत होती आराम करा. पहिली सांगत होती वर्कआउट चुकवू नका. एकाच डब्यातले दोन सल्लागार आणि एकमेकांशी बोलणं नाही.

कंपन्यांना हे माहीत आहे, आणि सध्याची सगळी धावपळ त्यावरच आहे. गार्मिनने मार्च २०२५ मध्ये पैसे भरून मिळणारं कनेक्ट प्लस आणलं, त्यात एआय सल्ले आहेत. स्ट्राव्हाने एप्रिल २०२५ मध्ये ट्रेनिंग प्लॅन बनवणारं रना हे ॲप विकत घेतलं. घड्याळ एकदाच विकलं जातं, सल्ला मात्र दर महिन्याला विकता येतो. आता तुम्ही मंगळवार चुकवला तर असे प्लॅन बुधवारपासून पुढची मांडणी बदलून देतात. चांगलंच आहे, कागदावरच्या प्लॅनपेक्षा कितीतरी बरं. पण का चुकवला, हे त्यांना आपोआप कळत नाही. आळस, ताप आणि आयसीयू, तिन्हींची नोंद एकच: शून्य. आणि सबस्क्रिप्शनवर चालणाऱ्या ॲपला तुम्ही रोज उघडावं असं वाटणारच. स्ट्रीक, बॅज, लाल बाण ही त्याचीच साधनं आहेत. यात कट वगैरे काही नाही, धंदा आहे.

ही माहिती कोणाची, यावर मोठ्या कंपन्याही भांडतात. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी स्ट्राव्हाने गार्मिनवर पेटंटचा खटला टाकला आणि तीनेक आठवड्यांत मागे घेतला. त्यात गार्मिनचे डेटा दाखवण्याचे नवे नियमही वादाचा विषय होते. आपल्यासाठी त्यातून कामाची गोष्ट एकच. सेटिंगमध्ये जाऊन आपला सगळा डेटा अधूनमधून डाउनलोड करून ठेवा.

आणि मॅपची सेटिंग आजच बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या ल माँद या दैनिकाने दाखवून दिलं की राष्ट्राध्यक्षांचे अंगरक्षक स्ट्राव्हावर धावणं टाकत होते, आणि त्यावरून नेत्यांचे मुक्काम ओळखता येत होते. आपण काही राष्ट्राध्यक्ष नाही, पण दर रविवारी पाच ते नऊ मी घरी नसतो आणि घर नेमकं कुठे आहे, हे मी वर्षभर जगाला सांगत होतो. प्रायव्हसीमधल्या मॅप व्हिजिबिलिटीत सुरुवात आणि शेवट लपवता येतो. एकट्या धावणाऱ्या मुलींनी तर पूर्ण मॅपच लपवला तरी चालेल, किलोमीटर मोजले जातातच.

मी घड्याळ काढून फेकलेलं नाही. पोहताना लॅप मोजायला ते उत्तम आहे. फक्त नोटिफिकेशन्स बंद केली, फिटनेसचा आलेख होम स्क्रीनवरून काढला, आणि सोप्या दिवशी वेग ठरवायला जुनाच उपाय धरला: धावताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर हळू व्हायचं. प्लॅन ९ वरून ६ तासांचा केला. त्यात दोन सायकली घरातच ट्रेनरवर असतात, म्हणजे आईने हाक मारली तर ऐकू येते.

संध्याकाळी बाबांसोबत अर्धा तास चालायचं असतं, डॉक्टरांनी सांगितलंय. पहिल्या दिवशी ते मी रेकॉर्ड केलं होतं. बाबा म्हणाले, "माझा वेग किती आला रे?" सांगितला, तर दुसऱ्या दिवशी भराभर चालायला लागले! तेव्हापासून चालताना घड्याळ घरी चार्जिंगला असतं. गोव्याची एंट्री भरलेली नाही. मे महिन्यात बाबांची तपासणी आहे, त्यानंतर बघू.