शेताचा कोपरा

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी, शेणखताची गोष्ट कशाला, असे आमच्या नेहमीच्या वाचकांना वाटेल. पण माझा इलाज नाही. जमिनीच्या एका तुकड्याने माझी झोप उडवली आहे, आणि त्या तुकड्याविषयी बोलायचे तर आधी अमेरिकेतल्या एका ज्यू शेतावर काढलेल्या आठवड्याविषयी बोलावे लागते.

२०२२ च्या मे महिन्यात रजा काढून मी धाकट्या बहिणीकडे कनेटिकट राज्यात गेलो होतो. निमित्त भेटीचे, खरे काम कागदांचे. अलिबाग तालुक्यात वडिलांची सव्वा एकर भातजमीन आम्हां दोघांच्या नावे आहे. तिला मुंबईचे गिऱ्हाईक आले होते. बंगला, पोहण्याचा तलाव आणि भोवती पुरुषभर उंचीची दगडी भिंत, असा त्याचा बेत. किमतीचा आकडा असा की मराठीच्या मास्तराला घेरीच यावी. बहिणीची सही तेवढी हवी होती. तिने कागद वाचले, घडी घालून कपाटात ठेवले आणि म्हणाली, "दादा, आठ दिवस दम धर. घरात बसून माझे डोके खाशील, त्यापेक्षा माझ्या मैत्रिणीची मुलगी एका शेतावर आहे, तिथे जा. ते लोक पाहुण्यांनाही कामाला लावतात."

तेव्हा ८ मेच्या संध्याकाळी, रविवारी, मी त्या शेतावर दाखल झालो. डोंगरांच्या कुशीतली जागा. झाडांना नुकती पोपटी पालवी फुटलेली, पण वारा असा की आपल्या पौषाची आठवण व्हावी. वीस-बावीस तरुण-तरुणी, एक मोठे स्वयंपाकघर, एकच लांबलचक जेवणाचे टेबल. जेवणे आटोपल्यावर सगळे उठून उभे राहिले आणि हिब्रू भाषेत काही तरी म्हणाले. शेजारच्याने सांगितले, "आज तेविसावा दिवस." वल्हांडणाच्या सणापासून आठवड्यांच्या सणापर्यंत हे लोक रोज रात्री एकेक दिवस मोजतात. एकूण ४९ दिवस. प्राचीन काळी जवाच्या सुगीपासून गव्हाच्या सुगीपर्यंतचा हा हिशेब होता. आपला शेतकरी रोहिणी, मृग, आर्द्रा मोजतो, त्याच जातीची ही मोजणी. मला एकदम घरच्यासारखे वाटले.

वाचकांच्या मनात येईल, ज्यू माणूस आणि शेती? तो तर पेढीवर नाही तर दवाखान्यात भेटायचा! यात त्याचा दोष थोडा. युरोपातल्या अनेक देशांत शतकानुशतके त्याला जमीन धारण करण्याची मनाई होती. रशियात १८८२ च्या कायद्यांनी त्याला खेड्यांत नव्याने वस्ती करण्याचीही बंदी झाली. त्याच वर्षी तिकडून परागंदा झालेल्या काही कुटुंबांनी न्यू जर्सीत 'अलायन्स' नावाची शेतवसाहत उभारली. पुढे मुले-नातवंडे शहरांत गेली, शिकली, स्थिरावली. आता पणतवंडांना पुन्हा मातीची ओढ लागली आहे. याच कनेटिकटात फॉल्स व्हिलेजजवळ चालू शतकाच्या पहिल्या दशकात 'आदामा' नावाचा उपक्रम सुरू झाला, आणि त्याच वाटेने जाणारी शेते मग इतरत्रही निघाली.

आदामा म्हणजे हिब्रूत माती. त्याच धातूशी आदाम, म्हणजे माणूस, हा शब्द जोडलेला. आणि तो आदाम अरबी-फारसीच्या वाटेने येऊन आपल्याकडे 'आदमी' झाला. वीस वर्षे शब्दांची व्युत्पत्ती शिकवतो आहे, पण आदमीच्या पोटात माती आहे हे मला पालकाच्या वाफ्यात गुडघे टेकून बसल्यावर कळले.

काम सकाळी सहाला सुरू होई. स्वयंपाकघरातला कचरा, कोंबड्यांची विष्ठा आणि वाळके गवत यांचे थर रचून खत करायचे, ढीग उलथायचे, ट्रेमधली रोपे वाफ्यांत लावायची. रासायनिक खताचा वा औषधाचा थेंब नाही. भांडी पाळीने घासायची. इथे माझी फजिती झाली. त्यांच्यात दूध आणि मांस यांची भांडी वेगळी. मी लोणी लावलेली सुरी मांसाच्या कपाटात ठेवून आलो. बाकीची मंडळी हसली. मला मात्र आजीचे सोवळे आणि तिने हातावर मारलेली पळी आठवली.

एका रात्री मी त्यांना आमच्याकडच्या बेने इस्रायलांविषयी सांगितले. नवगावच्या किनाऱ्याशी जहाज फुटले, सात जोडपी वाचली, अशी त्यांची परंपरा. पेणकर, किहिमकर, रोहेकर अशी त्यांची गावावरून पडलेली आडनावे. त्यांनी तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ती मुले कान टवकारून ऐकत होती. एकाने विचारले, "मग शनिवारी बैल काय करायचा?" मी म्हणालो, "उभा राहायचा." टेबलावर हशा पिकला.

ते उभे राहणे म्हणजे काय, हे शुक्रवारी कळले. सूर्यास्ताला शब्बाथ लागणार. त्या दिवशी वर्ज्य अशा ३९ प्रकारच्या कामांत पेरणे, नांगरणे, कापणे ही अगदी आरंभी येतात. आमची दुपारभर धावपळ चालली होती, तरी कोबीच्या रोपांचे दोन ट्रे उरले. ऊन कलले तशी कामावर देखरेख करणारी मुलगी, पंचविशीची असेल, हातातली खुरपी धुऊन म्हणाली, "पुरे." मी म्हणालो, "अहो, आणखी अर्ध्या तासाचे काम!" ती म्हणाली, "अर्धा तास नेहमीच उरतो."

शनिवारी ऊन तापले. जेवण, गाणी, झाडाखाली गप्पा. मला काही चैन पडेना. सुट्टीतसुद्धा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उशाशी घेऊन झोपणारा मी! दुपारी पाहिले तर ट्रेमधली रोपे माना टाकू लागली होती. कोणी नाही असे पाहून तांब्याभर पाणी नेऊन घातले. वळून बघतो तो ती मुलगी उभी.

मी ओशाळलो. ती म्हणाली, "तुम्हांला हा नियम लागू नाही. मी तुम्हांला पाणी घाला म्हणू शकत नव्हते आणि घालू नका असेही म्हणणार नव्हते. रोपांसाठी बरेच झाले." मग जरा थांबून म्हणाली, "पण खरे सांगा, रोपांना राहवत नव्हते की तुम्हांला?"

मला उत्तर देता आले नाही.

रात्री शब्बाथ संपल्यावर तिने मला शेताच्या टोकाला नेले. तिथे मुळ्याचा आणि पालेभाजीचा एक पट्टा न काढता ठेवला होता. त्याला 'पेआ' म्हणतात. शेत कोपऱ्यापर्यंत कापू नये, पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबाची आणि परक्याची, अशी आज्ञा त्यांच्या ग्रंथात लेवीय प्रकरणी आहे. तिथला माल ते गावातल्या गरजूंना देत. शेजारी एक वाफा नुसताच पडून होता. ते वर्ष सातवे, जमिनीच्या विश्रांतीचे. हा नियम खरा इस्रायलच्या भूमीपुरता. यांनी आठवण म्हणून एक वाफा पाळला होता. "दिवसातून, शेतातून, वर्षांतून थोडे सोडायचे," ती म्हणाली, "म्हणजे सगळे आपले नाही हे विसरायला होत नाही. तुमच्या शेतात कोपरा आहे का?"

मी 'नाही' म्हणणार होतो. तेवढ्यात आठवले. पावसाळ्यात आमच्या बांधावर कातकरी बायका टाकळा, कुर्डू खुडायला येत, चोंढ्यातले खेकडे धरीत. कापणी झाली की पोरे घेऊन गळालेल्या लोंब्या वेचीत. कोणी कुरकुरले तर वडील म्हणत, "त्यांचे ते त्यांना." त्यांनी लेवीय वाचले नव्हते. भिंत बांधल्यावर त्या बायका कोठून येणार, हा प्रश्न मात्र मला, एम. ए. झालेल्याला, सहीचे कागद तयार होईपर्यंत पडला नव्हता.

परत आल्यावर बहिणीने कपाट उघडून विचारले, "आणू कागद?" मी म्हणालो, "राहू दे."

मी जमीन राखली, अशी फुशारकी मारायला मला तोंड नाही. गिऱ्हाईक पुन्हा दोनदा येऊन गेले आहे, आकडा वाढला आहे, मुलाची फी वाढली आहे, आणि तीन दिवस आड मला सही करावीशी वाटते. पण यंदाच्या आषाढात गावी गेलो होतो. बांधावर तीन बायका टाकळा खुडीत होत्या. मला पाहून एक जण ओटा सावरून उभी राहिली. मालक हाकलतो की काय, अशी नजर.

"खुडा," मी म्हणालो, आणि बांधावरच बसलो. शनिवार होता.