शेतकऱ्याचें गाणें आणि झारची अंगठी

राजानें कलावंताला आश्रय दिला म्हणजे जो तो राजाची वाहवा करतो. त्या आश्रयाचा पैसा कोणाच्या घामाचा आणि त्या कलेचें बीं कोणाच्या शेतांतलें, हें मात्र कोणी विचारीत नाहीं. रशियांतील एक हकीकत या बाबतींत आम्हां शेतकरी-कारागिरांना बोधप्रद आहे.

इ. स. १८३६ सालीं सेंट पीटर्सबर्ग येथें मिखाईल ग्लिंका या संगीतकाराचें एक संगीत नाटक रंगभूमीवर आलें. त्याचा नायक इव्हान सुसानिन हा साधा शेतकरी. १६१३ सालीं नव्या तरुण झारच्या जिवावर उठलेल्या पोलिश शिपायांना त्यानें रानांत भलत्याच वाटेनें नेलें व स्वतःचा प्राण दिला, अशी ती कथा. झार पहिला निकोलस खूष झाला. ग्लिंकाला चार हजार रुबल किंमतीची अंगठी मिळाली, व १८३७ सालीं दरबारच्या गायकवृंदावर त्याची नेमणूक झाली. नाटकाचें नांव मात्र शेतकऱ्याचें राहिलें नाहीं. तें ‘झारसाठीं प्राण’ असें झालें!

वाचकहो, सुसानिनसाठीं टाळ्या पिटणाऱ्या सरदारांच्या जमिनीवर कोण राबत होतें? तेथें शेतकरी ही धन्याची मालमत्ता होती. धनी त्याला विकी, गहाण टाकी, फटके मारी. ज्या झारसाठीं सुसानिन मेला, त्याच्याच मुलानें १६४९ सालीं कायदा करून शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या जमिनीला जखडलें. ही पद्धत वाईट आहे, हें निकोलसनें १८४२ सालीं आपल्या राज्यपरिषदेपुढें कबूल केलें. पण आतां तिला हात लावणें त्याहून वाईट, असें म्हणून ती तशीच ठेवली. अंगठी देणें सोपें, बेडी तोडणें कठीण!

आणि तें संगीत तरी आलें कोठून? ग्लिंका जमीनदाराचा मुलगा. त्याच्या मामाच्या पदरीं अशाच गुलाम शेतकऱ्यांचा वाद्यवृंद होता. त्यांनीं वाजविलेल्या गाण्यांनींच बहुधा आपल्याला लोकसंगीताची गोडी लागली, असें ग्लिंकानें आपल्या आठवणींत सांगितलें आहे. कांहीं सरदारांनीं तर ‘हें गाडीवानांचें संगीत’ म्हणून नाकें मुरडलीं. त्यांनीं हेटाळणीनें कां होईना, पण खरें तेंच सांगितलें. गाडीवानाचेंच तें धन होतें. ग्लिंकाचें नांव झालें. त्या वादकांचीं नांवें आज कोणाला ठाऊक आहेत?

ग्लिंकाच्या कसबाला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. त्याची योग्यता मोठीच. आमचें म्हणणें एवढेंच कीं, राजाश्रयाच्या जमाखर्चांत देणाऱ्याची बाजू लिहितांना ज्याच्याकडून घेतलें त्याचीही लिहावी.

ग्लिंका १८५७ सालीं वारला. रशियांतील शेतकरी १८६१ सालीं मोकळा झाला, तोही फुकट नाहीं. जमिनीचे हप्ते त्याच्या मानेवर १९०६ अखेरपर्यंत राहिले. तेव्हां आमचें कौतुक करणारा कोण आणि आम्हांला मोकळें करणारा कोण, हा भेद आम्हीं ओळखलाच पाहिजे. नुसत्या टाळ्यांनीं बेडी तुटत नाहीं.