हाडे दुखतात, पण मूळ गळ्यात तर नाही?

"कष्टाचं अंग आहे, दुखायचंच," असे म्हणून घरातली बाई दुखणे अंगावर काढते आणि आपणही ते कानाआड करतो. बहुतेक वेळा ते कष्टाचेच असते. पण कधीकधी त्याचे मूळ गळ्यात असते, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

आपल्या गळ्यात थायरॉईडच्या मागे डाळीच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. रक्तातले कॅल्शियम कमी झाले की त्या पीटीएच नावाचे संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम रक्तात आणते. पुरेसे झाले की ग्रंथी थांबतात. मात्र एखादी ग्रंथी बिघडून वाढली की लगाम सुटतो. मग हाडे ठिसूळ होतात, मुतखडे पुन्हा पुन्हा होतात, थकवा, तहान व बद्धकोष्ठ मागे लागतात.

१९२५ साली व्हिएन्ना शहरात फेलिक्स मांडल या शल्यविशारदाने हाडांच्या आजाराने खचलेल्या एका ट्राम कंडक्टरच्या गळ्यातून अशी गाठ काढली. तो कामगार पुन्हा चालू लागला. काही वर्षांनी आजार उलटला, पण उपचाराची वाट सापडली.

आज निदान रक्तावरून होते. कॅल्शियम वाढले की पीटीएच उतरायला हवे. तेही चढेच राहिले तर संशय ग्रंथीवर. बहुधा एकच ग्रंथी वाढलेली असते व ती साधी गाठ निघते. कर्करोग फार क्वचित. काढलेली गाठ रसायने लावून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. 'केआय-६७' या खुणेवरून पेशी किती वेगाने वाढतात ते कळते. पॅराफायब्रोमिन हे प्रथिन पेशींतून नाहीसे झाले असेल तर कर्करोगाची शंका येते. दोष आनुवंशिक असू शकतो, म्हणून घरच्यांचीही तपासणी सुचवतात. मात्र एकाच खुणेवर निकाल देत नाहीत.

अणदूरला डॉ. शशिकांत व डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या बायांना शिकवून 'भारतवैद्य' केले. दुखणे लपवू नये, वेळीच बोलावे, हा त्या कामाचा धडा आम्हाला मोलाचा वाटतो.

तेव्हा मुतखडा दुसऱ्यांदा झाला किंवा साध्या पडण्याने हाड मोडले, तर डॉक्टरांना विचारा, "रक्तातलं कॅल्शियम तपासायचं का?" आणि तपासणीआधी कॅल्शियमच्या गोळ्या मनाने घेऊ नका. विचारायला संकोच कसला? शरीर आपले आहे.