जगण्याचा हक्क सातव्या मजल्यावरही!

६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावात झोपडपट्टी पुनर्वसनाची सात मजली इमारत पेटली. तळमजल्यावरच्या गाड्या आणि जुन्या कपड्यांनी आग भडकली, धूर वरच्या मजल्यांपर्यंत पोहोचला. किमान सात जीव गेले. विश्रांतवाडी, फुलेनगरच्या बांधवांनी ही मुंबईची बातमी म्हणून सोडून देऊ नये. आपल्याही जिन्याखाली गाड्या आणि अडगळ असतेच.

२००६ चा महाराष्ट्राचा अग्निप्रतिबंधक कायदा स्पष्ट आहे. आगीची यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची वा भोगवटादाराची. तसे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत अग्निशमन दलाला द्यायचे असते. लिफ्टलाही सरकारी परवाना आणि तपासणी लागते. पण बिल्डर चाव्या देऊन मोकळा होतो आणि देखभालीचे ओझे रोजंदारीवर जगणाऱ्याच्या डोक्यावर येते. पुनर्वसन करणाऱ्या शासनाला ही जबाबदारी झटकता येणार नाही. संविधानाच्या कलम २१ ने दिलेला जगण्याचा हक्क सातव्या मजल्यावरही लागू आहे.

बांधवांनो, सोसायटीच्या पुढच्या सभेत दोन्ही कागद मागा. जिना आजच मोकळा करा. आगीत लिफ्ट बंद पडते, तेव्हा जिनाच वाचवतो!