डेंग्यू: दोष आयांचा नव्हे

संपादक महोदय,

पावसाळ्यातील मुलांच्या आजारांवरील आपल्या लेखात डेंग्यूचे खापर तुंबलेल्या गटारांवर आणि निष्काळजी आयांवर फोडले आहे. दोन्ही चूक.

डेंग्यूचा एडिस डास मुख्यतः साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. बेळगावात 2008 साली चोवीस तास पाण्याचा प्रयोग दहा प्रभागांपुरता सुरू झाला. बाकीच्या घरांनी पिंपे भरली ती गरजेने.

‘ताप उतरला की मूल शाळेत पाठवावे’ हा सल्ला तर घातकच. ताप उतरल्यानंतरचे 24 ते 48 तास सर्वांत जोखमीचे. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसताच दवाखाना गाठावा. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नये.

कर्नाटक सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये डेंग्यूला साथरोग ठरवून डासांची पैदास आढळल्यास दंड लावला. दंडाआधी नियमित पाणी द्या.

पालकांनी पिंपे झाकावीत आणि आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासावीत. अंडी कडांना चिकटलेली असतात. मुलांना दिवसाही अंगभर कपडे घालावेत.

लेखातील तापाविषयीचा सल्ला पुढील अंकात दुरुस्त करावा.

– एक पालक, निपाणी